ड्रॉब्नीबद्दलही छापा की कधीतरी

मा. संपादक,

देश सोडलेल्या टेनिसपटूंचा विषय निघाला की सगळे नवरातिलोवावरच थांबतात, यारोस्लाव्ह ड्रॉब्नीचं नावसुद्धा कोणी घेत नाही. 1948 ला चेकोस्लोव्हाकियाकडून आइस हॉकीत ऑलिम्पिक सिल्व्हर, पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडला टेनिस खेळायला गेला तो परत गेलाच नाही. मग पासपोर्ट कोण देणार? दिला इजिप्तने! फ्रेंच टेनिस स्पर्धा दोनदा जिंकला, विम्बल्डनच्या दोन फायनल हरला आणि शेवटी 1954 ला ऑस्ट्रेलियाच्या 19 वर्षांच्या केन रोझवॉलला हरवून ती पण घेतली, तेही हॉकीत डोळ्याला लागलेलं म्हणून चष्मा लावून (आणि वय 32!). पुढे ब्रिटिश झाला, पण विम्बल्डन जिंकला तो इजिप्तचा म्हणूनच, आणि मला तरी ते योग्यच वाटतं. क्रीडा पानावर त्याच्यावर मोठा लेख येऊ द्या.

एक वाचक