हवाई चप्पलवाले कॉकपिटात कधी? नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण पुण्याचे, म्हणून मराठीत लिहिते. मी नांदेड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मुलाकडे कमर्शियल पायलटचं लायसन्स आहे, नोकरी नाही. गेल्या आठवड्यात एका विमान कंपनीत त्याची मुलाखत झाली. पॅनलवरच्या एकाने विचारलं, "घरात एव्हिएशनमध्ये कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर दुसरा म्हणाला, "कांबळे... म्हणजे लायसन्स कोट्यातून का?" बाकीचे हसले. परवा नकाराचा मेल आला, कारण न देता.

साहेब, लायसन्सला कोटा असतो का हो? डीजीसीएच्या, म्हणजे तुमच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरात पास व्हायला 70 टक्के लागतात, कांबळेला आणि कुलकर्णीला सारखेच. 200 तासांचं उड्डाण लागतं, त्यातला एक मिनिट जातीच्या दाखल्यावर कुणी माफ करत नाही.

शिष्यवृत्ती आहे म्हणाल. आहे ना! अनुसूचित जातींच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या यादीत पायलटचा कोर्स दिमाखात बसलाय. कोर्स पन्नासेक लाखांचा आणि उत्पन्नाची अट वर्षाला अडीच लाखांची. माझा पगार त्यात बसत नाही; ज्याचा बसतो, त्याला फ्लाइंग क्लबच्या दारात तरी कोण उभं करतं? मग मी जीपीएफ काढला, प्लॉट विकला, राहतं घर बँकेकडे तारण टाकलं. मुलीचं लग्न पुढे ढकललं. मणक्याचा त्रास असून रात्रपाळ्या मागून घेते. लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, "काय गं, पोराचं विमान कुठं उतरलं?" आता मी लग्नांना जातच नाही.

लायसन्स हातात आलं की जाहिरात म्हणते, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, झालेल्यांनीच अर्ज करावा. एअरबस 320 साठी त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. ज्यांच्याकडे कोटभर रुपये आहेत, त्यांची पोरं कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पुढे नोकरी द्यायच्या बोलीवर चालणाऱ्या प्रशिक्षणात, आधीच जागा धरून बसतात. हा कोटा नव्हे काय? फक्त याचा दाखला तहसीलदार देत नाही, बँक देते.

आणि तुम्ही सांगता, येत्या 15-20 वर्षांत देशाला 30 हजार पायलट लागणार! नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. कंपनीने पायलट पुरेसे ठेवले नाहीत, तर तुम्ही नियमातच सूट दिली. माझा मुलगा तेव्हा घरात टीव्हीवर विमानतळावरची गर्दी बघत होता.

आपल्या देशात महिला पायलट 15 टक्के, जगाच्या तिप्पट, असं संसदेत अभिमानाने सांगता. चांगलंच आहे. ते सांगता येतं, कारण कुणीतरी मोजलं. दलित किती, आदिवासी किती, पहिल्या पिढीतले किती, हे कोण मोजतं? एअर इंडिया सरकारी होती तोवर भरतीत आरक्षण तरी होतं. जानेवारी 2022 मध्ये ती टाटांकडे गेली, आरक्षणही गेलं. उरली एवढीशी अलायन्स एअर. आमच्या दवाखान्यातही तेच चाललंय. जागा निघतच नाही, निघाली तर कंत्राटी. नोकरीच नाही तिथे आरक्षण हवं तेवढं घ्या!

2025 मध्ये बेंगळुरूच्या एका प्रशिक्षणार्थी पायलटने पोलिसांत तक्रार दिली, की वरिष्ठांनी त्याला विमान सोड, जाऊन चपला शिव, असं सुनावलं. कंपनीने आरोप फेटाळले. खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण मला आठवलं ते एप्रिल 2017. पंतप्रधानांनी सिमल्यात स्वस्त विमानप्रवासाची उडान योजना सुरू केली, त्याच दिवशी आमच्या नांदेड-हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला. हवाई चप्पल घालणारा विमानात दिसला पाहिजे, म्हणाले होते. दिसतो की, तिकीट काढून मागे बसलेला.

मार्लन ग्रीन नावाच्या कृष्णवर्णीय पायलटला अमेरिकेत एका कंपनीने डावललं, तेव्हा 1963 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आम्ही कुठे जायचं? माहितीचा अधिकार खासगी कंपन्यांना लागू नाही, असं सांगून आम्हाला वाटेला लावतात.

प्रत्येक विमान कंपनीला दरवर्षी भरतीचा तपशील, सामाजिक प्रवर्गासकट, जाहीर करायला लावा. मुलाखतीचं रेकॉर्डिंग ठेवायला लावा आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायला सांगा. शिष्यवृत्तीची अट तुमच्या खात्याची नाही, ठाऊक आहे. सामाजिक न्यायवाल्यांशी बोला, एकाच सरकारात बसता ना?

मुलाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांच्या भरवशावर विमान उडवायची परवानगी, दोन महिन्यांत संपतंय. ते रिन्यू करायला पुन्हा पैसे लागणार आणि आता विकायला काही उरलेलं नाही. उत्तर द्यायचं असेल तर त्याआधी द्या.

आपली,
नांदेडची एक परिचारिका