बाबा, ती डिझेल गाडी राहू द्या

आई, बाबा,

बाबांनी पाठवलेली ब्रोशर सगळी वाचली. गाड्या दिसायला भारी आहेत, त्यात वाद नाही. पण बाबा, तुम्ही पेनाने गोल केलेत ते सगळे आकडे हायवेचे निघाले, पॉवर किती, टॉप स्पीड किती, शंभरपर्यंत किती सेकंदात. तुम्ही दोघं गाडी नेणार बँकेत, दवाखान्यात, बाजारात, म्हणजे दुसरा गिअर, सिग्नल, पार्किंग, की परत सिग्नल. तिथे हे आकडे काय कामाचे?

माझ्या मते सगळ्यात आधी बघायचं ते बसणं-उठणं. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी सीट अशा उंचीवर पाहिजे की नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. सेडानमध्ये खाली वाकून शिरावं लागतं, त्या मोठ्या एसयूव्हीत हँडल धरून वर चढावं लागतं, उंच हॅचबॅक किंवा छोटी क्रॉसओव्हर बरोबर मधे बसते. आणि शोरूममध्ये दार पूर्ण उघडून सगळेच बसून बघतात, तिथे जागाच जागा असते. तू शेजारी गाडी खेटून उभी आहे असं समजून अर्ध्याच उघडलेल्या दारातून उतरून बघ.

मग टर्निंग रेडियस, म्हणजे गाडी किती छोट्या गोलात वळते ते. छोट्या हॅचबॅकचा ५ मीटरच्या आसपास असतो, मोठ्या एसयूव्हीचा साडेपाच-सहा, ऐकायला किरकोळ वाटतं पण ही त्रिज्या झाली, यू-टर्नला रस्ता लागतो त्याच्या दुप्पट, आणि तो जादाचा मीटर-दोन मीटर नसला की मागे हॉर्न वाजत असताना रिव्हर्स घ्यायचा, जे बाबांना अजिबात आवडत नाही. ब्रोशरमधली रुंदीसुद्धा बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते. बाबा, लहान गाडी म्हणजे कोंबून बसायचं असं काही नसतं हो. १९५९ ची ती जुनी मिनी लांबीला जेमतेम ३ मीटर होती आणि तरी चार माणसं बसायची, कारण इंजिन आडवं टाकून जागा वाचवली होती. आज बऱ्याचशा छोट्या गाड्या त्याच पद्धतीने बनतात.

आता डिझेल. तुमचं डिझेलप्रेम मला माहितीये, पण नव्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि ती काजळी जाळायला तो साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापावा लागतो, त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग पळवावी लागते. तुमचं जाणं-येणं पाच-दहा मिनिटांचं, इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद. मग फिल्टर चोंदतो, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू. थोडक्या अंतराला पेट्रोल बरं, आणि हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली गाडी, परवडत असेल तर आणखी बरं, ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती थोडीफार परत बॅटरीत जाते त्यामुळे तिचं सिटीतलं मायलेज बऱ्याचदा हायवेपेक्षा चांगलं येतं. इलेक्ट्रिक तर शहरासाठी सगळ्यात सोयीची, फक्त पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय असेल तरच तिचा विचार करा.

ऑटोमॅटिक घ्याच, त्यावर चर्चा नको, क्लच दाबून दाबून बाबांचा पाय दुखतो हे ते सांगत नाहीत पण दिसतं. मात्र ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आणि गिअर यंत्र आपोआप चालवतं, ती स्वस्त पडते, पण गिअर बदलताना मान पुढे-मागे होते. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात ती, त्यातली ड्राय क्लचवाली, म्हणजे क्लच तेलात नसलेली, सतत रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापते. सीव्हीटी (हिला ठरावीक गिअरच नसतात) किंवा साधी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारी), या दोन्ही हळू चालताना गुळगुळीत. जोराने दाबलं की सीव्हीटीचा आवाज नुसताच चढतो, पण तुम्हाला दाबायचंय कशाला?

आणि एक, ड्रायव्हर सीटवर बसून मागे वळून बघा. हल्ली स्टाईलच्या नादात मागची काच एवढीशी आणि खांब जाडजूड झालेत. कॅमेरा पाहिजेच, पण पावसात त्यावर पाणी साचलं की काही दिसत नाही. एसीला बटणं असावीत, चालवता चालवता स्क्रीनवर बोट शोधत बसणं मलाही जमत नाही. सनरूफ वगैरे राहू दे.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी रिकाम्या रस्त्यावर देतील, ती घेऊ नका. संध्याकाळी ऑफिसं सुटताना मागा, गाडी घरापर्यंत आणा, आपल्या पार्किंगमध्ये लावून बघा, आईला दोनदा चढू-उतरू द्या. सेल्समन घड्याळ बघत असेल तर बघू दे. बुकिंगचे पैसे मात्र मी येईपर्यंत भरू नका, आणि आई, हे तू बघ, कारण बाबा तिथेच सही करून मोकळे होतील.

तुमचीच लाडकी