कौल सरकले म्हणून घर पाडू नका

संपादक महोदय,

कोकणात पावसाळ्यात विजेचा लपंडाव, म्हणून संगणकाच्या डिस्कची प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे. पण प्रतीचा यूयूआयडी (डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक) बदलला, की त्या प्रतीवरून सुरू होताना लिनक्स ही संगणकप्रणाली ‘इनिट्रॅमएफएस’ या सुरुवातीच्या टप्प्याच्या काळ्या पडद्यावर अडते. लगेच फॉरमॅट करणे म्हणजे कौल सरकले म्हणून घर पाडणे. डेटा जागेवरच असतो.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) संगणक सुरू करून ‘ब्लकआयडी’ या आज्ञेने नवा क्रमांक पाहावा. रूट पार्टिशन (प्रणाली असलेला डिस्कचा भाग) माउंट करून, म्हणजे जोडून, ‘एफएसटॅब’ या पार्टिशनांच्या यादीतला जुना क्रमांक बदलावा. मग डेव्ह, प्रॉक, सिस हे फोल्डर त्यात बाइंड करून ‘सीएचरूट’ने डिस्कवरच्या प्रणालीत शिरावे आणि उबुंटू-डेबियनवर ‘अपडेट-ग्रब’ने ग्रब या बूट-मेनूची नोंद नव्याने लिहावी. संगणक सुरू करणारी यूईएफआय ही नवी यंत्रणा असल्यास तिचे ईएफआय पार्टिशनही माउंट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवावे, कारण तिथेही जुनाच क्रमांक लिहिलेला असू शकतो. ‘एफएसटॅब’मधला स्वॅपचा (मेमरीला पूरक डिस्कच्या भागाचा) क्रमांक मात्र हमखास विसरला जातो. मग बूट होताना प्रणाली तो जुना क्रमांक शोधत बसते, आणि आपण 90 सेकंद ताटकळा!

– एक वाचक, मालवण