छोटा ग्लास ही फसवणूक नव्हे

महोदय,

बिअर महोत्सवात घोटभराचा ग्लास हातात टेकवून लोकांना लुबाडतात, अशी तक्रार करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. पटले नाही. मनसोक्त प्यायचीच असेल तर महोत्सवाची रेटारेटी कशाला सोसायची? तिथे जायचे ते एरवी एका जागी न मिळणाऱ्या बिअर चाखायला. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेल्या ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’मध्ये नमुन्याचे माप वर्षानुवर्षे एक औंस, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर राहिले. असे दहा नमुने घेतले तरी ३३० मिलिलिटरची एक बाटली होत नाही. तेच माप १०० मिलिलिटरचे केले की दहा नमुन्यांत लिटरभर बिअर पोटात जाते. त्यानंतरही बारकावे कळतात म्हणणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार!

शिवाय ‘बिअरच तर आहे’ हा समज अशा ठिकाणी अंगाशी येतो. साधी लागर, म्हणजे नेहमीची हलकी बिअर, चार-पाच टक्के मद्यार्काची, तर इम्पिरियल स्टाउट ही कडक काळी बिअर सहज दहाच्या घरात. ग्लास तोच, मद्य दुप्पट. आणि स्टॉलवर पाहावे तर बिअरचे चमकदार नाव हातभर अक्षरांत, टक्केवारी मात्र शोधूनही सापडत नाही. तक्रार करायचीच तर याची करावी.

क्रमाचेही तसेच. बरेच जण आल्या आल्या सर्वांत कडक आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडवट बिअर, मागतात. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा जिभेवर ठाण मांडतो आणि त्यावर घेतलेली गव्हाची बिअर पाणचट लागते. हीच जर्मन धाटणीची गव्हाची बिअर आधी घेतली, फेस बसायच्या आत ग्लास नाकाशी नेला, तर पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास स्पष्ट येतो. यात ना केळे असते ना लवंग. सगळी करामत बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. स्टाउटमधली कॉफीची आठवण करून देणारी चव भाजलेल्या बार्लीची, पण बिअर बर्फासारखी गार दिली तर तीही दबून जाते. थोडा वेळ ग्लास हातात धरून ठेवावा, चव आपोआप उमलते. उन्हात मात्र ठेवू नये. हॉप्समधल्या घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन पारदर्शक ग्लासातली बिअर बघता बघता उग्र वास मारू लागते. लोक मग बनवणाऱ्याला नावे ठेवतात.

तेव्हा आयोजकांनी ग्लास मोठा करण्याच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक नळावर टक्केवारी लिहावी, ग्लास विसळायला आणि मध्ये प्यायला पाणी ठेवावे, न आवडलेली बिअर ओतून द्यायला बादली असावी. पत्रलेखकाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: माप छोटे तर पैसेही त्याच हिशेबाने घ्यावेत. ग्लासावर मापाची रेघ असली म्हणजे फेस किती आणि बिअर किती, यावरून नळापाशी हुज्जत होणार नाही.

– एक वाचक