किल्ली मावशींच्या हातात देणाऱ्या वायरमन भाऊंना

वायरमन भाऊ, सप्रेम नमस्कार.

हंगाम आटोपला, शेवटच्या गठाणी ट्रकमध्ये चढल्या. यंदा दहाही बोटं शाबूत घेऊन घरी चाललेल्या, जिनिंगवरच्या म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या सगळ्यांतर्फे हे पत्र.

सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरखाली झाडणाऱ्या मावशींना तुम्ही मेन स्विचला लावायचं एक लाल कुलूप दिलंत, आणि त्याची एकुलती एक किल्लीही. "हात तुमचा आत जातो, म्हणून किल्ली तुमच्याच कमरेला," एवढंच बोललात. किल्ली मुकादमाकडे दिली नाहीत की ऑफिसातल्या खिळ्याला टांगली नाहीत. झाडणारी बाई मशीन थांबवून ठेवू शकते, हे इथे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुमच्या आधीही लोक आले होते की! ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, फलक लागायचा, हेल्मेट घालून फोटो निघायचे. आता रोलर बोटं ओढतो, डोकं नव्हे. पण बेल्टला जाळी नाही हे फोटोत कुठे दिसतं? फिरत्या भागांना आडोसा घाला, असं १९४८च्या कारखाना कायद्याने कधीचंच सांगून ठेवलं होतं. तुम्ही तो खरोखर घातलात. १२ मिलीमीटर चौकोनी भोकांची जाळी, बेल्टपासून ८० मिलीमीटरपेक्षा लांब, म्हणजे बोट घुसलं तरी पोचत नाही. तारेने बांधलेली नाही, पान्याशिवाय न निघणाऱ्या बोल्टांची.

ओला कापूस आला की जिन चोक होतो आणि घाईत हात आत जातो. लाल बटण दाबलं म्हणजे झालं, असा सगळ्यांचा समज. बटणाने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा स्विच, सुटतो. पलीकडून कोणी हिरवं दाबलं की मशीन चालू. किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात ठेवावा, तर दुसरा आणून लावतात. सगळ्यात वाईट म्हणजे स्टार्टरला शेतातल्या मोटारीसारखा लावलेला ऑटो. विहिरीवर तो सोयीचा. इथे लाइट गेली म्हणून कोणी रोलर साफ करायला बसावं आणि लाइट आली की रोलर आपोआप फिरावा! तो तुम्ही पहिल्याच दिवशी उपटलात.

आता क्रम सगळ्यांना पाठ आहे. मेन स्विचचा दांडा खाली, त्याला कुलूप, मग हिरवं बटण दाबून खात्री, आणि बेल्ट पूर्ण थांबल्यावरच हात. गठाणी दाबणाऱ्या प्रेसला नुसती वीज तोडून भागत नाही. तेलातला दाब सोडून गेजचा काटा शून्यावर आणायचा, रॅमला, म्हणजे दाब देणाऱ्या दांड्याला, टेकू लावायचा. शिफ्ट बदलताना नव्याचं कुलूप लागल्यावरच जुन्याचं निघतं. कोणी किल्ली घेऊन घरी गेलाच तर त्याला बोलावून आणायचं, कुलूप तोडायचं नाही.

चांगली माणसं गोड बोलतात म्हणे. तुम्ही तर मुकादमाशी कडाकडा भांडलात. पण मावशींना मात्र "अहो, हात नेमका कुठे घालावा लागतो?" असं विचारून मगच कन्व्हेयरचं झाकण कुठे उघडायचं ते ठरवलंत. राबणाऱ्याला विचारून काम करणारा माणूस विरळाच, भाऊ. शिकलेल्यांत तर फारच.

एक मागणं आहे. सहा कुलपं मावणारी कडी एकच आहे. प्रेसवर चौघं एकदम कामाला लागले की ती जिनच्या पॅनलवरून काढून न्यावी लागते. दिवाळीआधी अजून दोन घेऊन या. मालकांनी पैसे मंजूर केलेत. मावशींनीच ऑफिसात जाऊन मागून घेतले.

आपले,
जिनिंगवरचे सगळे, धरणगाव