परदेशी वास्तव्यास जाताना सदनिकेचा मिळकत कर, देयके आणि संस्थेचा पत्रव्यवहार यांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
विजापूर रोड, सोलापूर

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

विषय : बंद राहणाऱ्या सदनिकेचे कर व देयके यांची व्यवस्था आणि त्यासाठी समितीने करावयाचा ठराव

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या पतींना ब्रिटनमध्ये लीड्स येथे नोकरी मिळाली असून येत्या मे महिन्यात आम्ही मुलीसह तिकडे राहावयास जात आहोत. सदनिका विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा आमचा तूर्त विचार नाही. ती कुलूपबंद राहील आणि किल्ली जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या दिरांकडे असेल. जाण्यापूर्वी या घराच्या सर्व देण्यांची नीट व्यवस्था लावावी, ती समितीला लेखी कळवावी आणि समितीकडून काही गोष्टींची लेखी निश्चिती घ्यावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या इमारतीतील बऱ्याच घरांतील मुले पुणे, हैदराबाद किंवा त्याही पलीकडे स्थायिक झाली आहेत आणि त्यांचे आईवडीलही अधूनमधून महिनोन्‌महिने तिकडे जाऊन राहतात. त्यामुळे मी मांडते आहे तो प्रश्न एकट्या माझा नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रथम मिळकत कराविषयी. तिकडच्या व्यवस्थेची चौकशी करताना एक फरक माझ्या ठळकपणे लक्षात आला. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थेचा जो कौन्सिल टॅक्स असतो, तो सर्वसाधारणपणे घरात राहणाऱ्याने भरावयाचा असतो. घर भाड्याचे असेल तर भाडेकरू तो भरतो. १ एप्रिल १९९१ रोजी घराची जी किंमत ठरली असती तिच्यावरून घरांचे आठ गट पाडलेले आहेत, बिल बहुधा दहा मासिक हप्त्यांत भरता येते आणि घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते. भाडेकरू घर सोडताना कौन्सिलला तारीख कळवतो, वीज आणि गॅस कंपनीला त्या दिवसाचे मीटर रीडिंग देतो आणि तेथून पुढे त्या घराशी त्याचे देणे राहत नाही. आपल्याकडे मिळकत कर हा मिळकतीला आणि तिच्या मालकाला चिकटलेला असतो. मालक लीड्समध्ये असो की सोलापुरातल्याच सात रस्त्याला, महानगरपालिकेच्या दृष्टीने त्याने काहीच फरक पडत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार हा कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो, मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते आणि कराची थकबाकी हा त्या मिळकतीवरील पहिला बोजा, म्हणजे इतर देण्यांआधी वसूल होणारे देणे, मानला जातो. दरमहा २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात. दोन-तीन वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही, तर थकबाकी मूळ कराच्या दीडपट होण्याच्या मार्गाला लागते.

आणि लक्ष न जाण्याचे कारण बहुतेक वेळा पैशांची अडचण हे नसते. बिल हाती पडतच नाही, हे असते. आपल्या इमारतीत कराची बिले कधी वॉचमनकडे दिली जातात, कधी जिन्याखालच्या पेट्यांत टाकली जातात आणि कधी दाराच्या फटीतून आत सरकवली जातात. घर उघडे असेल तर या तिन्ही पद्धती चालतात, बंद असेल तर एकही चालत नाही. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या एका सभासदांच्या दारात अशी बिले साचली होती आणि मागणीची नोटीस चिकटवली गेल्यावरच शेजाऱ्यांनी त्यांना फोन केला, हे समितीला ठाऊक आहे. त्यांच्याकडे पैसे होते आणि भरण्याची इच्छाही होती, तरी शास्ती भरावी लागली ती लागलीच.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, महानगरपालिका, महावितरण, बँक किंवा कोणत्याही शासकीय कार्यालयाकडून बंद सदनिकेच्या नावे आलेल्या कागदासाठी वॉचमनच्या केबिनमध्ये एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी, कागद आल्याची तारीख तीत लिहावी आणि त्याच आठवड्यात संस्थेच्या कार्यालयातून त्याचे छायाचित्र त्या सभासदाच्या ई-मेलवर पाठवावे. या कामासाठी वेगळा माणूस लागणार नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मिळकत क्रमांक माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे आणि महानगरपालिकेच्या ऑनलाइन सुविधेतून मी एप्रिलमध्येच पूर्ण वर्षाचा कर एकदम भरणार आहे. तरीही फेरआकारणीची नोटीस किंवा थकबाकीचे पत्र ऑनलाइन दिसेलच याचा भरवसा नाही. हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते आणि ती कागद मिळाला नाही म्हणून थांबत नाही.

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट नमूद करते. काही सदनिका महानगरपालिकेच्या कर आकारणी नोंदवहीत अजूनही बिल्डरच्या किंवा पूर्वीच्या मालकाच्या नावावर आहेत. आमच्या सदनिकेवर आम्हा दोघांची नावे लागलेली आहेत, पण ज्यांची लागलेली नाहीत त्यांनी परदेशी जाण्याआधी इंद्रभवनात, म्हणजे महानगरपालिकेच्या कार्यालयात, एक फेरी मारून ते काम पूर्ण करावे, असे समितीने सर्वांना सुचवावे. हे काम येथे असताना कंटाळवाणे असते, परदेशात गेल्यावर मात्र जवळजवळ अशक्य होते.

आता संस्थेच्या मासिक देयकाविषयी. मी कोणतीही सवलत मागत नाही, हे स्पष्ट करते. पाणीपट्टीचा वाटा आपल्या उपविधींप्रमाणे नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो, वापरावर नाही. लिफ्टचा खर्च, सेवाशुल्क, बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दराने दुरुस्ती निधी आणि वार्षिक किमान ०.२५ टक्के दराने सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढील मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), हे सर्व घर बंद असले तरी देय आहेत आणि ते योग्यच आहे. इमारतीची गच्ची गळली तर ती माझ्याही डोक्यावरचीच गच्ची आहे. उपविधींत थकबाकीवर द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारण्याची तरतूद आहे आणि तीही मला मान्य आहे.

माझा आक्षेप एकाच बाबीवर आहे, आणि ती बाब म्हणजे बिनभोगवटा शुल्क, ज्याला आपण सारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतो. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बंद घरांनाही हे शुल्क लावावे असे तोंडी बोलले गेले आणि काही सभासदांच्या बिलात ते लागलेही. राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली काढलेल्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. सेवाशुल्क म्हणजे संपूर्ण मासिक बिल नव्हे. महानगरपालिकेचे कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी हे त्यात धरता येत नाहीत. उदाहरणार्थ, एखाद्याचे मासिक बिल २,००० रुपये असेल आणि त्यांतील सेवाशुल्काचा भाग १,२०० रुपये असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त १२० रुपये होईल, २०० नव्हे. शिवाय ते सदनिका दुसऱ्याला भाड्याने किंवा वापरावयास दिली असता लागते. सभासदाचे आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी असे कुटुंबीय राहत असतील तर लागत नाही, आणि सभासदाने स्वतःचे घर नुसते कुलूप लावून ठेवले असेल तरीही लागत नाही. रक्कम लहान आहे, हे मला समजते. परंतु मुलाकडे बाळंतपणासाठी चार महिने गेलेल्या आजींना परत आल्यावर असे शुल्क बिलात दिसते, तेव्हा त्यांना आपल्याच घरात परके ठरवल्यासारखे वाटते, आणि हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. समितीने हा विषय ठरावाने स्पष्ट करावा आणि ज्यांच्याकडून रक्कम घेतली गेली असेल, त्यांच्या पुढील बिलांत ती वळती करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पैसे भरण्याच्या पद्धतीतही बदल होणार आहे. परदेशी चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर माझे येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या येथील उत्पन्नासाठीच्या खात्यात) बदलून घ्यावे लागते. त्यामुळे सध्या संस्थेला दरमहा जाणारी स्वयंचलित रक्कम मध्येच एखादा महिना थांबण्याची शक्यता आहे. ते टाळण्यासाठी मी सहा महिन्यांचे देखभाल शुल्क आगाऊ जमा करीत आहे आणि नव्या खात्याची व्यवस्था लागताच कळवीन. ब्रिटनसह काही देशांतील मोबाइल क्रमांकावरूनही आता एनआरई (परदेशातील कमाईसाठीच्या) किंवा एनआरओ खात्यातून यूपीआय चालते, तेव्हा संस्थेने आपला क्यूआर कोड आणि बँक तपशील बिलावरच छापला तर अनेकांची सोय होईल. बिल मात्र बाबवार असावे आणि पावती दरवेळी मिळावी. उद्या सदनिका भाड्याने देण्याची वेळ आली, तर भाड्याच्या उत्पन्नातून महानगरपालिकेच्या कराची वजावट मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचीच मिळते. तसेच अनिवासी मालकाला भाडे देताना रक्कम लहान असली तरी भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच आयकर, कापावा लागतो. म्हणजे भाडेकरू, मालक आणि आयकर खाते या तिघांनाही कागद लागतो. तशी वेळ आली तर नोंदणीकृत करारनामा आणि पोलिसांकडील माहिती यांसह समितीला आधी कळवीन.

विजेचे बिल मी दिरांवर सोपवले नसून स्वतःच ग्राहक क्रमांकावरून ऑनलाइन भरणार आहे. वापर शून्य असला तरी स्थिर आकार येतच राहतो, आणि तो थकला तर वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो. महावितरणकडे काही रक्कम आगाऊ भरून ठेवण्याची सोय आहे, ती मी वापरणार आहे. संस्थेकडून एवढेच हवे की, तळमजल्यावरच्या मीटर रूमची किल्ली रीडिंगच्या दिवशी वॉचमनकडे असावी. खोली बंद असल्यामुळे रीडिंग झाले नाही तर सरासरीने बिल येते, आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी अर्ज घेऊन जाणारे येथे कोणी नसेल.

गॅसची जोडणी मी एजन्सीकडे परत करीत आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केल्यावर अनामत परत मिळते आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, तोही मिळतो. बंद घरात भरलेला सिलिंडर ठेवणे हे खालच्या-वरच्या घरांच्या दृष्टीने बरोबर नाही, असे माझे ठाम मत आहे. घर दीर्घकाळ बंद ठेवणाऱ्या प्रत्येकाकडून समितीने तसे लेखी घ्यावे.

पाण्याबाबत विशेष काळजी घ्यावी लागेल. आपल्याकडे महानगरपालिकेचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. टाकी रिकामी असताना कोणाचा नळ चुकून उघडा राहिला आणि पाणी रात्री-अपरात्री आले, तर बंद घरातून ते खालच्या घराच्या छतावर उतरते. म्हणून जाण्याच्या दिवशी डक्टमधील आमचा मुख्य व्हॉल्व्ह आम्ही बंद करू आणि प्लंबरच्या समक्ष त्याची नोंद संस्थेच्या वहीत करू. आणीबाणीत घर उघडावे लागले तर माझ्या दिरांना बोलवावे. ते वेळेत पोहोचू शकत नसतील तर समितीच्या दोन सदस्यांच्या उपस्थितीत, मला व्हिडिओ कॉलवर ठेवून कुलूप तोडण्यास माझी या पत्राद्वारे संमती आहे.

दिरांच्या नावे मी मर्यादित मुखत्यारपत्र येथेच करून देत आहे. त्यात कर आणि देयके भरणे, संस्थेचे व शासकीय कागद स्वीकारणे आणि दुरुस्तीची देखरेख करणे एवढेच अधिकार आहेत. विक्री, गहाण किंवा भाडेकरार यांचा अधिकार त्यात नाही. परदेशातून असे पत्र करायचे तर तेथील भारतीय दूतावासात साक्षांकन आणि येथे पोहोचल्यावर मुदतीत मुद्रांक शुल्क, असा मोठा खटाटोप होतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या इतर सभासदांनीही ते येथेच उरकावे, असे मी सुचवीन. सर्वसाधारण सभेच्या सूचना, अजेंडा आणि हिशेबपत्रके मला ई-मेलने पाठवावीत. मोठ्या दुरुस्तीचा किंवा विशेष वर्गणीचा विषय असेल तर तो मला सभेआधी कळावा, म्हणजे माझे म्हणणे मी लेखी पाठवू शकेन.

वर लिहिलेल्या बाबींवर समितीच्या मार्च महिन्यातील सभेत चर्चा व्हावी आणि दोन मुद्द्यांवर लेखी ठराव मिळावा : बंद सदनिकांच्या कागदपत्रांची नोंदवही आणि ई-मेल व्यवस्था, तसेच बिनभोगवटा शुल्काची योग्य आकारणी. सभेच्या दिवशी मी सोलापुरातच आहे. समितीने बोलावल्यास मूळ कागदांसह उपस्थित राहीन. एप्रिलच्या अखेरीस सर्व देणी चुकती करून संस्थेकडून ना-थकबाकी दाखला घेण्याचा माझा मानस आहे, तो वेळेत मिळावा ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
सदनिका क्र. ३०४ ची सभासद

सोबत : मिळकत कराची चालू वर्षाची पावती, वीजबिलाची प्रत, मुखत्यारपत्राचा मसुदा, दिरांचा संपर्क तपशील (बंद पाकिटात), सहा महिन्यांच्या आगाऊ देखभाल शुल्काचा धनादेश