घरच्या पेशंटचं मलम कोणी शिकवायचं?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात घरोघरी जाऊन पेशंटची ड्रेसिंग करणारी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे. मेडिकल आणि मेयो ही इथली दोन सरकारी रुग्णालयं आपल्या खात्याकडे आहेत, म्हणून आरोग्यमंत्र्यांऐवजी आपल्याला लिहिते. मागणी एकच आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला घरी सोडताना त्याचं लावायचं औषध कसं लावायचं, हे मराठीत लिहून द्यावं आणि करून दाखवावं.

गोळी चुकली तर घरची माणसं घाबरून फोन करतात. मलमाला मात्र कोणी औषधच मानत नाही. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ‘एल/ए, बीडी’ एवढंच असतं, म्हणजे दिवसातून दोनदा लावा. जखमेवर की जखमेभोवती, किती, किती दिवस, यातलं काही नाही. आणि ते लावणार असते ब्यूरोतून, म्हणजे घरी देखभालीला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीतून, बारा तासांच्या ड्युटीवर आलेली मावशी. तिला दोष देऊ नका, तिला हे कोणी शिकवलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त भीती मला पॅचची वाटते. कॅन्सरच्या वेदनेसाठी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे त्वचेला चिकटवायची औषधाची पट्टी, देतात. त्यातलं औषध त्वचेतून हळूहळू रक्तात उतरतं आणि एक पॅच साधारण ७२ तास चालतो. दुखणं कुठेही असो, तो छाती, पाठ किंवा दंडावरच्या कोरड्या, न खरचटलेल्या त्वचेवर लावायचा. ‘सिस्टर, कंबर दुखते तर कंबरेलाच लावू ना?’ असं विचारणारी बाई शहाणी म्हणायची. बाकीचे न विचारता लावून मोकळे होतात. नवा लावताना जुना काढायचा असतो. पाठीवरचा जुना कोणाला दिसला नाही, तर औषध दोन्हींतून जात राहतं. त्यात शेक दिला, ताप चढला किंवा अंग तापलं की औषध आणखी वेगाने शिरतं. पेशंट गुंगीत जातो, श्वास मंदावतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लाईट जाते, कूलर बंद पडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत पेशंट पॅच लावून पडलेला असतो. हे नागपुरात नाही सांगायचं तर कुठे? काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडायचा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा, नाहीतर जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट डायपरखालच्या खाजेची. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते, तिच्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून घरचे खूश. पण डायपर घट्ट झाकण ठेवल्यासारखं काम करतो, स्टेरॉइड जास्त मुरतं, म्हाताऱ्या माणसाची आधीच पातळ असलेली कातडी आणखी विरते आणि बुरशी आतल्या आत पसरते. त्वचेवर लावायची स्टेरॉइडं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी मागितली जाते का, हे आपण कोणत्याही चौकात ट्यूब मागून पाहू शकता.

किती लावायचं, हे सांगणं तर फार सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येतं आणि ते दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरतं. हे एकदा दाखवलं की मावशा विसरत नाहीत. ग्लोव्हज घालून लावायचं, आधी आणि नंतर हात धुवायचे, बेडसोर होऊ घातलेल्या लाल जागेवर चोळायचं नाही, हेही त्याच पाच मिनिटांत सांगून होतं.

वॉर्डातल्या सिस्टरांवर आधीच केवढा भार आहे, हे मला माहीत आहे; त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादू नका. नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनींना हे काम द्या. त्यांचीही शिकवणी होईल. नातेवाइकाने किंवा मावशीने त्यांच्यासमोर एकदा स्वतः लावून दाखवावं, मगच कार्डावर सही व्हावी.

ब्यूरोंचा प्रश्न मोठा आहे. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पेशंट ठेवण्याच्या जागेसाठी आहे, घरी माणसं पाठवणाऱ्यांसाठी नाही. त्याला वेळ लागेल, पण मराठी चिठ्ठीला कायदा लागत नाही. अर्ध्या पानाचा नमुना सोबत जोडला आहे. तो वॉर्डातल्या सिस्टरांना दाखवा, त्या सांगतील ते बदल करा आणि डिसेंबरच्या अधिवेशनासाठी नागपुरात याल तेव्हा छापून आणा.

आपली,
एक होम नर्स, नागपूर